दम लागतो, तरी सिगारेट सुटत नाही

सीओपीडीचं, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचं, निदान झालेला माणूस इनहेलर घेतो, श्वास जरा सावरतो आणि थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन सिगारेट पेटवतो. हे रोज बघणाऱ्या जोडीदाराच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो: माझ्यासाठी एवढंही करता येत नाही? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर प्रेमात शोधायला गेलं की दोघांचीही फरफट होते. ते मेंदूत शोधायला हवं.

धुरातलं निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं, तिथल्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांना, चिकटतं आणि डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन स्रवतं. वर्षानुवर्षं ओढणाऱ्याच्या मेंदूत या ग्राहींची संख्याच वाढलेली असते. रक्तातलं निकोटिन साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं, ग्राही रिकामे होऊ लागतात आणि चिडचिड, बेचैनी सुरू होते. रात्रभराच्या खंडानंतर सकाळची पहिली सिगारेट टाळणं सगळ्यात कठीण जातं, ते यामुळेच. ‘ओढली की बरं वाटतं’ हे खोटं नसतं. मात्र जी बेचैनी शमते ती बरीचशी आधीच्या सिगारेटने मागे ठेवलेली असते. फुप्फुसाच्या रुग्णाच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. दम लागला की भीती वाटते आणि भीती वाटली की तलफ येते.

अशा माणसाला ‘डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?’ असं दहादा विचारून काय होतं? तो चोरून ओढायला लागतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली दारूच्या व्यसनासाठी संवादाची एक वेगळी पद्धत मांडली; पुढे ती तंबाखूसाठीही वापरात आली. व्यसनी माणसाच्या मनात सोडण्याची आणि न सोडण्याची, दोन्ही बाजू असतात. आपण सोडण्याची बाजू लावून धरली की तो दुसरी बाजू मांडू लागतो आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिथे घट्ट होतो. त्यापेक्षा ‘काल जिना चढताना तुला मध्येच थांबावं लागलं, मी घाबरले. तुला काय वाटलं?’ असं विचारावं आणि मग खरोखर गप्प बसून ऐकावं. हे गप्प बसणं फार अवघड आहे, पण सोडायचं कारण त्याच्या तोंडून निघालं तर टिकण्याची शक्यता जास्त.

‘आता सोडून काय उपयोग?’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येतं. त्याला नेमकं उत्तर आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त सौम्य ते मध्यम आजार असलेल्या धूम्रपानी लोकांचा 11 वर्षं मागोवा घेतला गेला. पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा, ही फुप्फुसांच्या ताकदीची एक मोजणी. ओढत राहिलेल्या पुरुषांमध्ये ती दरवर्षी सुमारे 66 मिलिलिटरने घटली. सुरुवातीलाच सोडून पुन्हा न ओढणाऱ्यांमध्ये सुमारे 30 मिलिलिटरने. गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत, उरलेली मात्र राखता येतात.

सोडायचा निश्चय अजून झालेला नसेल, तरी औषधोपचाराबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगगम यांमुळे तलफ हलकी होते. व्हॅरेनिक्लिन हे औषध त्याच ग्राहींना अर्धवट चेतवतं, त्यामुळे तलफही कमी होते आणि ओढलेल्या सिगारेटची मजाही. आधी संख्या कमी करत नेऊन मग पूर्ण थांबायचं, हा मार्गही त्यात बसतो. नुसत्या मनोबलावर सोडू पाहणाऱ्यांपैकी फार थोडे वर्षभर टिकतात; तेव्हा औषध घेण्यात कमीपणा मुळीच नाही.

दोन बाबतींत मात्र जोडीदाराने ठाम राहावं. घरात धूर नको: धूम्रपान करणाऱ्याबरोबर राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका 20 ते 30 टक्क्यांनी वाढतो. आणि घरी ऑक्सिजन सुरू असेल तर जवळ सिगारेट, काडेपेटी काहीच नको. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आग क्षणात भडकवतो. यंत्र बंद केल्यावरही तो कपड्यांत, पांघरुणात काही काळ साचून राहतो. चेहरा आणि श्वासमार्ग भाजल्याच्या घटना घडतात. यावर तडजोड नाही, आणि हा नियम लावताना अपराधी वाटून घेण्याचंही कारण नाही.

एक दिवस तो खरंच थांबला, तर पहिल्या काही आठवड्यांत खोकला उलट वाढू शकतो. धुराने मंदावलेले श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा हलू लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात. ‘सोडली आणि त्रास वाढला’ म्हणून अनेक जण इथेच परत वळतात, त्यामुळे दोघांनाही हे आधीच ठाऊक असावं. खोकल्याबरोबर ताप आला, कफाचा रंग बदलला किंवा दम वाढला तर मात्र थांबू नये, डॉक्टरांना दाखवावं. थिओफिलिनच्या, म्हणजे श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या, गोळ्या चालू असतील तर सिगारेट बंद केल्याचं डॉक्टरांना लगेच कळवावं. धुरामुळे यकृत हे औषध भराभर निकामी करत असतं. धूर थांबला की त्याच डोसाने रक्तातली पातळी चढते आणि मळमळ, धडधड सुरू होऊ शकते.