बिस्किटातले पाणी

पावाच्या वजनात साधारण ३५ टक्के पाणी असते. चांगल्या बिस्किटात ते जेमतेम २ ते ४ टक्के उरते. घरी केलेली बिस्किटे बिघडतात ती बहुतेक वेळा या पाण्यापायीच. मळताना ते पिठाला फार लवकर भेटले तर बिस्कीट दगडासारखे होते, भाजताना पुरते बाहेर पडले नाही तर मध्यभागी चिवट राहते, आणि डब्यात हवेतून परत शिरले की बिस्कीट सादळते. साखर-वेलची थोडी इकडेतिकडे झाली तरी बिस्कीट खाण्याजोगे होते. पाण्याची वेळ चुकली की होत नाही.

कणीक, तूप, साखर घरून न्यायची आणि गावातल्या बेकरीतून बिस्किटे भाजून आणायची, ही पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रूढ आहे. तीच कणकेची, चहाबरोबर खायची बिस्किटे घरच्या ओव्हनमध्ये करू. चाळलेली कणीक २०० ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, दूध पावडर १५ ग्रॅम, बेकिंग पावडर ३ ग्रॅम (पाऊण चमचा), मीठ पाव चमचा, थोडी वेलची आणि गार दूध सुमारे ३० मिलि. एवढ्यात ५ सेंटिमीटर व्यासाची तीसेक बिस्किटे होतात. मापे वाटीने न घेता वजनकाट्यावर घ्यावीत. तीच वाटी हलक्या हाताने भरली आणि दाबून भरली तर कणकेच्या वजनात सहज २० टक्क्यांचा फरक पडतो, आणि बिस्किटाला तेवढा फरक पुरतो.

कारखान्यातल्या बिस्किटांना कमी प्रथिनांचा, मऊ गव्हाचा मैदा लागतो. आपली कणीक नेमकी त्याच्या उलट, म्हणजे पोळीसाठी घडलेली असते. जात्याच्या दाबाने आणि उष्णतेने गव्हातले स्टार्चचे कण बऱ्याच प्रमाणात फुटतात आणि फुटलेला कण अखंड कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतो. पोळी मऊ राहते ती यामुळे. शिवाय गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाणी मिळताच एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे लवचीक जाळे विणू लागतात आणि मळण्याने ते जाळे आणखी बळकट होते. पोळीला हे हवेच असते. बिस्किटात मात्र ते भाजताना आक्रसते, बिस्कीट गोलाचे लंबगोल होते आणि गार झाल्यावर चावता चावत नाही.

यावरचा उपाय शंकरपाळी आणि करंजी करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे: मोहन. पिठाच्या कणांवर स्निग्धाचा पातळ थर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत सहज पोचत नाही. जाळे विणले गेले तरी तुकड्यातुकड्यांत विणले जाते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. मोहन पुरेसे आहे का हे पाहायची मुटक्याची कसोटी इथेही चालते. तूप-साखरेत पीठ मिसळल्यावर मूठभर मिश्रण दाबले तर मुटका वळला पाहिजे आणि बोटाने ढकलला तर फुटला पाहिजे. वळलाच नाही तर १० ग्रॅम तूप आणखी घालावे. दूध वाढवून ही उणीव भरून काढू नये.

फरक एवढाच, की शंकरपाळीत मोहन कडकडीत घालतात आणि बिस्किटात तूप घट्ट, रवाळ लागते. कारण आहे हवा. थिजलेले तूप पिठीसाखरेबरोबर फेटले की त्यात अगणित बारीक बुडबुडे अडकतात आणि तुपाचे घन स्फटिक त्यांना धरून ठेवतात. बेकिंग पावडरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड नवे बुडबुडे जवळपास निर्माणच करत नाही. तो आधी अडकलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. म्हणून नीट फेटलेले नसेल तर दुप्पट बेकिंग पावडर घालूनही बिस्कीट दडसच राहते. २० ते २५ अंश सेल्सियसला तूप फेटण्याजोगे असते. विदर्भातल्या मे महिन्यात ते भांड्यात पातळच सापडेल. अशा वेळी पातेले गार पाण्यात धरून, ढवळत, तूप साईसारखे होऊ द्यावे आणि मग ५ ते ७ मिनिटे, रंग पांढुरका होईपर्यंत फेटावे.

तुपाऐवजी लोणी वापरणार असाल तर एक हिशेब लक्षात ठेवा. बाजारच्या लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्ध असते आणि सुमारे १६ टक्के पाणी. १०० ग्रॅम तुपाऐवजी १२० ग्रॅम लोणी घेतले तर त्यातूनच १९ ग्रॅम पाणी पिठात जाते. मग दूध ३० मिलिऐवजी १० मिलि पुरते.

आता क्रम. फेटलेल्या तुपात कणीक, दूध पावडर, बेकिंग पावडर, मीठ आणि वेलची एकत्र चाळून घालावी आणि बोटांच्या टोकांनी चोळावी. दूध अगदी शेवटी, चमच्याचमच्याने. गोळा जमला की हात थांबवायचा. इथे पोळीची सवय आड येते: गोळा गुळगुळीत दिसेपर्यंत मळावेसे वाटते आणि तेवढ्यात ग्लुटेन तयार होते. गोळ्याला थोड्या भेगा असणे चांगलेच. तो झाकून २० मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावा. कोंडा पाणी सावकाश शोषतो, त्याला वेळ मिळतो; तूप पुन्हा थिजते आणि लाटताना चिकटत नाही.

जाडी ६ मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी हवी. गोळा दोन प्लास्टिक कागदांमध्ये ठेवून, दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवाव्यात आणि लाटण्याची टोके त्यांच्यावरून फिरवावीत. ४ मिलिमीटरचे आणि ८ मिलिमीटरचे बिस्कीट एकाच ट्रेमध्ये असेल तर एक करपते आणि दुसरे कच्चे राहते. तापमानाने हे सावरता येत नाही. प्रत्येक बिस्किटाला काट्याने आरपार टोचे द्यावेत. त्या भोकांतून वाफ निघून जाते, नाहीतर पृष्ठभागाखाली फोड येतात.

ओव्हन १६० अंशांवर, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून, १५ मिनिटे आधी तापवावा. ट्रे मधल्या कप्प्यात. वेळ २० ते २२ मिनिटे. पंख्याचा कन्व्हेक्शन असेल तर १४५ अंश पुरतात. घरगुती ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत १५-२० अंशांचा फरक असणे नेहमीचेच. आत ठेवायचा छोटा तापमापक घेतला तर निम्म्या तक्रारी संपतात. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर आणि त्यावर स्टँड ठेवूनही बिस्किटे भाजता येतात. तिथे उष्णता खालूनच येते, म्हणून एकाखाली एक दोन ताटल्या ठेवाव्यात, आच मंद ठेवावी आणि वेळ २५ ते ३० मिनिटे धरावी.

आत काय घडते? ३५ अंशांच्या आसपास तूप वितळते आणि बिस्कीट पसरू लागते. ओव्हन नीट तापलेला नसेल तर ही अवस्था लांबते आणि बिस्किटे एकमेकांना चिकटतात. मग वायू फुगतो, पाण्याची वाफ होते, बिस्कीट वर उठते. पाणी इतके थोडे असते की स्टार्चचे बहुतेक कण शिजून फुलतच नाहीत. भाजल्यानंतरही ते जवळजवळ कच्च्या रूपात राहतात. बिस्किटाचा ताठपणा बराचसा साखरेचा असतो. दुधात विरघळलेली साखर भाजताना दाट पाक होते आणि गार झाल्यावर काचेसारखी घट्ट होते. म्हणून ओव्हनमधून काढलेले बिस्कीट मऊच लागते. बोटाने दाबून, मऊ आहे म्हणून पुन्हा पाच मिनिटे आत ठेवले की ते कडक होते.

रंग शेवटी येतो. प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि काही विशिष्ट शर्करा यांच्यातली ही प्रक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. साधारण १४० अंशांच्या वर ती वेग घेते, आणि पाणी उरले असेल तोवर पृष्ठभाग तिथवर तापत नाही. आपली नेहमीची साखर या प्रक्रियेत थेट भाग घेत नाही. दुधातली लॅक्टोज घेते. दूध पावडर घातली आहे ती मुख्यतः याच कामासाठी. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आयते असतात, त्यामुळे गुळाची बिस्किटे लवकर लाल होतात. ती १५० अंशांवर भाजावीत, नाहीतर रंग पाहून बाहेर काढाल आणि आत ओल राहील.

फुगवण्यासाठी नुसता खाण्याचा सोडा घालू नये. तापल्यावर त्याचा सोडियम कार्बोनेट उरतो. तो तुपाबरोबर साबणासारखी चव देतो आणि कणकेला पिवळट-तपकिरी करतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याला जोडीदार आम्ल दिलेले असते, म्हणून हे होत नाही. बेकऱ्यांत अमोनियम बायकार्बोनेट वापरतात, ज्याला तिथे नुसते अमोनिया म्हणतात. त्याचे पूर्णपणे वायू आणि वाफेत रूपांतर होते, मागे काही उरत नाही, आणि बिस्कीट फार हलके होते. तरी घरी ते टाळलेले बरे. छोट्या स्वयंपाकघरात अमोनियाचा दर्प डोळ्यांना झोंबतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी भाजलेल्या-तळलेल्या पिठूळ पदार्थांत ॲक्रिलामाइड हे घातक रसायन सापडल्याचे जाहीर केले. ते १२० अंशांच्या वर तयार होते आणि अमोनियम बायकार्बोनेटने त्याचे प्रमाण वाढते. बिस्किटे फिकट सोनेरी रंगावर थांबवावीत, गडद तपकिरी होऊ देऊ नयेत, हा सल्लाही त्याच कारणासाठी.

मग भाजून झाले हे ओळखायचे कसे, विशेषतः कणीक मुळातच तपकिरी असताना? वजनावरून. वरच्या मापांचा कच्चा गोळा सुमारे ४४० ग्रॅम भरतो. त्यात दुधाचे साधारण २६ आणि कणकेतल्या अंगच्या ओलाव्याचे २४, मिळून ५० ग्रॅम पाणी असते. ३ टक्के ओलावा उरावा असे वाटत असेल तर बिस्किटे ४०० ग्रॅमच्या आसपास यायला हवीत, म्हणजे वजन ८ ते ९ टक्क्यांनी घटायला हवे. रिकाम्या ट्रेचे वजन आधी करून ठेवले की हे एका मिनिटात कळते. घट ६ टक्केच असेल तर ओव्हन १२० अंशांवर आणून आणखी ७-८ मिनिटे ठेवा. रंग न वाढता पाणी निघते.

पाच मिनिटे ट्रेवरच, मग जाळीवर, आणि पूर्ण गार झाल्यावरच डबा. गरम बिस्किटे झाकली की त्यांचीच वाफ झाकणाला लागून परत त्यांच्यावर पडते. एक खोडी मात्र दुसऱ्या दिवशी उघड होते: अखंड दिसणाऱ्या बिस्किटाला मधोमध केसाएवढी चीर जाते आणि उचलताना त्याचे दोन तुकडे होतात. जास्त आचेवर घाईने भाजल्यामुळे कडा अगदी कोरड्या आणि मध्य ओलसर राहतो. गार झाल्यावर मधले पाणी हळूहळू कडेकडे सरकते. कडा प्रसरण पावतात, मध्य आक्रसतो आणि त्या ताणाने बिस्कीट फुटते. भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून, दारात लाकडी चमचा अडकवून, बिस्किटे दहा मिनिटे आतच राहू दिली की ही चीर बहुधा टळते.

शिळा पाव कडक होतो आणि शिळे बिस्कीट मऊ, कारण पावात स्टार्चची रचना बदलते आणि बिस्किटात साखरेची काच हवेतले पाणी पिऊन ढिली पडते. दुसरा बदल उलटवता येतो. कोकणातल्या पावसाळ्यात सादळलेली बिस्किटे १२० अंशांवर ८ ते १० मिनिटे ठेवून गार केली की पुन्हा कुरकुरीत होतात. खवट झालेल्या तुपाला मात्र इलाज नाही. कणकेत गव्हाच्या अंकुरातले तेलही असते, त्यामुळे ही बिस्किटे दोन-तीन आठवड्यांत संपवावीत.

राहिला चहा. बिस्कीट बुडवले की चहा त्यातल्या बारीक पोकळ्यांत केशाकर्षणाने शिरतो, साखर विरघळवतो, तूप वितळवतो, आणि बिस्कीट कपात पडते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड वॉशबर्न यांच्या १९२१ च्या सूत्रानुसार अशा पोकळ्यांतून द्रवाला दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो. ब्रिस्टलचे भौतिकशास्त्रज्ञ लेन फिशर यांनी हे सूत्र बिस्किटाला लावले आणि त्या कामाला १९९९ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे गमतीचे पारितोषिक, मिळाले. बिस्कीट उभे बुडवले तर चहा दोन्ही बाजूंनी शिरतो आणि ६ मिलिमीटरच्या बिस्किटात ३ मिलिमीटर गेला की भिजायचे काही उरत नाही. तेच आडवे, फक्त खालची बाजू टेकवून धरले तर पूर्ण ६ मिलिमीटर जावे लागते: चौपट वेळ, आणि वरचा कोरडा थर ओल्या थराला पेलून धरतो. कपात हे अवघड आहे, बशीत ओतलेल्या चहात सोपे. बशीतला चहा निवतही लवकर. गार द्रव अधिक दाट असतो आणि सावकाश शिरतो. ज्यांना कपातच आणि उभेच बुडवायचे आहे त्यांनी बिस्किटे ८ मिलिमीटर जाडीची लाटावीत आणि १५० अंशांवर २६ ते २८ मिनिटे भाजावीत. वजनातली घट तेव्हाही ८ ते ९ टक्केच हवी.