शुगरवाल्यांना गूळ चालतो? नाही हो!

टाइप टू डायबिटीस झाला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "साखर बंद कर, गुळाचा चहा घे, तो नॅचरल असतो". अहो दोन्ही उसाच्याच रसाचे, गुळातही बहुतेक सुक्रोजच, म्हणजे साखरच, 1 ग्रॅम साखरेत 4 कॅलरी तर गुळात जवळपास तेवढ्याच, आणि रक्तातली शुगरही तशीच वर जाते. लोह असतं हे खरं, पण चमचाभर गुळात असं किती असणार, त्यात चहा ते नीट शोषूही देत नाही!

गंमत म्हणजे "चालतो" म्हणून लोक दोन चमचे जास्तच टाकतात, मग तीन महिन्यांनी एचबीएवनसी (रक्तातल्या शुगरची साधारण तीन महिन्यांची सरासरी) वाढलं की खापर बिचाऱ्या भातावर. त्यापेक्षा साखर-गूळ न घालता फिका चहा घ्या, आठ-पंधरा दिवसांत जीभ सरावते, आणि सणाला अर्धी पुरणपोळी हिशोबात धरून मजेत खा.