प्रूफ नाणं धुरकटतं कशानं?

गांधी जन्मशताब्दीनिमित्त 1969 साली निघालेलं दहा रुपयांचं एक प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत ठोकलेलं नाणं, माझ्याकडे आहे. वजन 15 ग्रॅम, त्यात 80 टक्के चांदी. पावसाळ्याआधी कपाट आवरताना ते दिव्याखाली धरलं. समोरून ठीकठाक, पण जरा तिरकं केलं की गांधीजींच्या चेहऱ्याभोवती दुधाळ पडदा. बारा वर्षं ते ज्या मऊ, पारदर्शक पिशवीत होतं, तिचा वास घेतला. थेट नव्या रेनकोटचा! चोर सापडला.

प्रूफ नाणं ठोकण्याआधी साचा आणि कोरी चकती दोन्ही चकचकीत करतात आणि ठसा एकाहून जास्त वेळा देतात. त्यामुळे मोकळा भाग आरशासारखा होतो. आरसा प्रकाश एकाच दिशेनं परत पाठवतो. त्यावर सूक्ष्म थेंबांचा थर बसला की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि आपल्याला धुकं दिसतं. खिशात फिरलेल्या नाण्यावर एवढ्याशा थराकडे कुणाचं लक्षही जाणार नाही.

हे थेंब बहुतेकदा पिशवीतूनच येतात. अशी मऊ पिशवी बहुधा पीव्हीसी या प्लास्टिकची असते. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाचा पाइप आठवा. ते मऊ करायला त्यात थॅलेटसारखे तेलकट पदार्थ मिसळतात. प्लास्टिकच्या रेणूंशी ते पक्के जोडलेले नसतात, म्हणून हळूहळू पाझरून नाण्यावर बसतात, उकाड्यात जास्तच. पुढे पीव्हीसी स्वतः विघटित होऊ लागलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतं आणि ते तांब्याला खातं. आपल्या अनेक स्मारक नाण्यांत चांदी 50 टक्के आणि तांबं 40 टक्के असतं, त्यामुळे तिथे हिरवा चिकट थर लवकर धरतो. त्याखाली खड्डे पडले तर ते कायमचे.

पिशवी कसली आहे हे घरीच कळतं. तांब्याची तार गॅसवर लाल करायची, पिशवीच्या कोपऱ्याला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसीच. धूर विषारी असतो, खिडकी उघडी ठेवा.

पडदा नुसता तेलकट असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोन उपयोगी पडतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत नाणं काही मिनिटं बुडवायचं, कडेनं धरून उचलायचं, ताज्या अ‍ॅसिटोनमधून एकदा काढायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. पुसायचं नाही, मऊ कापडानंसुद्धा नाही. आणि हे काम गॅसपासून लांब. अ‍ॅसिटोन भस्सकन पेटतं.

पिवळसर, तांबूस, निळसर छटा आल्या असतील तर मामला वेगळा. हवेतला हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू चांदीशी जुळून सिल्व्हर सल्फाइड बनवतो. थर पन्नासेक नॅनोमीटरचा असला, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तरी प्रकाशलहरींच्या व्यतिकरणानं, म्हणजे त्या एकमेकींत मिसळल्यानं, रंग दिसतात. थर वाढला की काळं. गंधक कुठून येतं? रबरबँड, लोकर, हलका पुठ्ठा, गटार, खाडीची हवा. दमट हवेत हे काम झपाट्यानं होतं. इथे अ‍ॅसिटोन काही करत नाही, कारण हा थर म्हणजे नाण्याचीच रूप बदललेली चांदी. देवघरातलं निरांजन आपण रांगोळीनं घासतो, तसं नाणं घासलंत तर आरसा गेलाच म्हणून समजा.

क्वचित संग्राहकाचा काहीच दोष नसतो. चांदीच्या नाण्यांवर उमटणारे पांढरे ‘दुधी डाग’ टांकसाळीतल्या प्रक्रियेशी जोडले जातात. कॅनडाच्या टांकसाळीनं ते कमी करण्यासाठी 2018 पासून आपल्या मेपल लीफ नाण्यांवर खास प्रक्रिया सुरू केली.

माझी नाणी आता अ‍ॅक्रिलिकच्या कडक कॅप्सूलमध्ये आहेत, काही पॉलिएस्टरच्या पाकिटांत. डब्यात सिलिका जेलची पुडी असते. जुलैत ती पटापट रंग बदलते, तापवून परत वापरतो. सिलिका ओल शोषते, गंधकासाठी वेगळी पट्टी लागते. नाणं हातात असताना बोलायचं नाही, एवढा नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. थुंकीचा बारीक थेंबही वर्षभरात ठिपका होतो.

ते दहा रुपयांचं नाणं अ‍ॅसिटोनमधून बाहेर आलं तेव्हा धुकं गेलं होतं. कडेला एक पिवळट रेघ उरली आहे, कधीकाळी त्याला रबरबँड लावला होता त्याची. ती तशीच ठेवली.