दिवा मागे नेला की उजेड मऊ होत नाही

बारसं असो, बोरन्हाण असो की पहिला वाढदिवस, आमच्या बेळगाव भागात घरी फोटो काढताना एक वाक्य हमखास कानावर येतं: "ते हॅलोजन जरा मागं सरकव की, लेकराच्या तोंडावर लई कडक पडायलंय." मग कुणीतरी स्टँड उचलून दारापर्यंत नेतं. उजेड कमी होतो, सगळ्यांचं समाधान होतं आणि फोटोत बाळाच्या नाकाची सावली आधीपेक्षा धारदार येते. शिव्या मोबाईलला बसतात. त्याचा यात काहीच दोष नसतो. मंद उजेड आणि मऊ उजेड एकच समजून दिवा हलवला, एवढंच झालेलं असतं.

मंद उजेड सगळ्यांना कळतो. वॅट कमी केले की मंद, दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड चौथाई. त्यात समजावण्यासारखं काही नाही. एकच सांगतो, हा मंदपणा फोटोत उतरतच नाही. उजेड कमी दिसला की मोबाईल आपणहून आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो आणि शटर, म्हणजे उजेड आत घेणारी झडप, जास्त वेळ उघडं ठेवतो. चेहरा तेवढाच उजळ येतो, फक्त रवाळ आणि हललेला. रांगणारं पोर तुमच्या शटरसाठी थांबणार आहे थोडंच!

मऊ उजेडाचं गणित वेगळं आहे आणि घोळ सगळा तिथेच होतो. उजेड मऊ की कडक हे दिव्याच्या जोरावर ठरत नाही. मुलाच्या जागेवरून दिवा किती मोठा दिसतो, यावर ठरतं. बाळाच्या नाकाच्या आडोशाला, गालावर एक मुंगी आहे असं धरा. दिवा वीतभर असेल तर तिला तो एकतर पूर्ण दिसतो, नाहीतर अजिबात दिसत नाही. म्हणून इकडे लख्ख, तिकडे काळं, मध्ये काही नाही. दिव्याच्या जागी चार फुटांचा उजळलेला पडदा असेल तर मुंगीला आधी त्याची कड दिसते, जरा पुढे सरकली की पाव, मग अर्धा, मग सगळा. सावली तशीच हळूहळू विरत जाते. यालाच मऊ उजेड म्हणायचं. पडदा किती वॅटने उजळलाय याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पटत नसेल तर सूर्याकडे बघा, म्हणजे खरंच बघू नका. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. पण तो १५ कोटी किलोमीटरवर असल्यामुळे आभाळात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या नखाआड लपेल एवढा. म्हणून चैत्रातल्या दुपारी अंगणात सावलीची कड अगदी रेखीव पडते. आषाढात खानापूर-जांबोटीकडे आभाळ भरून आलं की त्याच अंगणात सावली शोधावी लागते, कारण तेव्हा अख्खं आभाळ दिवा झालेलं असतं.

आता दिवा दारापर्यंत नेला की काय होतं ते कळेल. वीतभर दिवा तीन फुटांवरून नऊ फुटांवर नेला तर उजेड नवव्या हिश्शावर येतो आणि बाळाला दिवा एक-तृतीयांश आकाराचा दिसायला लागतो. उजेड मंदही झाला आणि कडकही. जे हवं होतं त्याच्या नेमकं उलट. मऊ उजेड हवा तर दिवा मोठा करायचा आणि जवळ आणायचा. जवळ आणल्यावर तो जास्त प्रखर होईल आणि तरीही मऊ होईल. लोकांच्या गळी उतरत नाही ते एवढंच.

याच गैरसमजाचं दुसरं पोर म्हणजे दिव्याच्या काचेवर बटर पेपर चिकटवणं किंवा त्यावर ओढणी टाकणं. दिवा वीतभर होता तो वीतभरच राहिला, फक्त मंद झाला. सावली तशीच. शिवाय हॅलोजनवर कापड टाकणं म्हणजे घराला आग लावायची तयारी. ५०० वॅटपैकी बहुतेक वीज उष्णतेतच जाते. पंख्याचा रेग्युलेटर जोडून हॅलोजन मंद करणारेही महाभाग आहेत. तो रेग्युलेटर तेवढ्या लोडसाठी बनलेलाच नसतो.

करायचं ते सोपं आहे. आजोबांचं पांढरं धोतर घ्या, खरंच याहून चांगलं कापड मला माहीत नाही. खिडकीच्या गजापासून दाराच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधून ते ताणून वाळत घाला. एका बाजूला तीन फुटांवर बाळ, दुसऱ्या बाजूला दिवा. इथे आणखी एक चूक होते, ती म्हणजे दिवा कापडाला खेटून ठेवणं. मग कापडावर ताटाएवढाच उजेडाचा गोल पडतो आणि बाळाच्या दृष्टीने तो गोल हाच दिवा. बाकीचं धोतर नुसतं लोंबतं. दिवा चार-पाच फूट मागे घ्या, म्हणजे सगळं कापड उजळेल. हो, या एका ठिकाणी दिवा मागे न्यायचाच असतो, पण कापडापासून. कापड बाळाजवळच राहतं. हॅलोजनपासून कापड दूर राहिल्यामुळे जळण्याची भीतीही कमी होते. चेहऱ्यावर तेवढाच उजेड पडला तरी तो मोठ्या पृष्ठभागावर पसरलेला असल्याने बाळ डोळे बारीक करत नाही. जवळच्या उजेडाचा एक फायदाही मिळतो. मागची भिंत आपोआप काळोखात जाते आणि तिथे वाळत घातलेले कपडे फोटोत येत नाहीत.

धोतर नसेल तर दिवा भिंतीकडे वळवा, भिंतच दिवा होईल. पण भिंत पांढरी हवी. आपल्याकडच्या पिस्ता आणि आकाशी रंगाच्या भिंतींवरून परतलेला उजेड बाळाला कावीळ किंवा सर्दी झाल्यासारखा दाखवतो. छतावर उजेड मारा हा सल्ला स्लॅबच्या घरात ठीक आहे. मंगळुरी कौलांच्या घरात तो रिपांत आणि आढ्यात विरून जातो, खाली काही येत नाही. सावलीच्या बाजूला गणपतीच्या मखरातून उरलेला पांढरा थर्मोकोल उभा करा, पुरे.

उंचीचं थोडक्यात. बसलेल्या बाळाचे डोळे जमिनीपासून सव्वा-दीड फुटांवर असतात. माणसाच्या उंचीवर ठेवलेला दिवा त्याला डोक्यावरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणीत अंधार साचतो. दिव्याचा मध्य साडेतीन-चार फुटांवर ठेवा. जमिनीवर मात्र नको, खालून येणाऱ्या उजेडात गोंडस पोरही भूत दिसतं.

हॅलोजन की एलईडी फ्लड (म्हणजे एलईडीचा फोकस दिवा), यावर लोक तासभर भांडतात. भांडण्याइतकं त्यात काही नाही. हॅलोजनचा रंग पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपास (केल्विन हे उजेडाचा रंग मोजायचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर), आणि त्वचा त्यात छान दिसते. स्वस्त एलईडी फ्लड बहुधा ६५०० केल्विनचे असतात आणि त्यांच्यात लाल रंग कमी पडतो, म्हणून गाल निस्तेज येतात. तरीही लहान मुलाच्या खोलीत मी एलईडीच लावतो. हॅलोजनच्या नळीला हात लागला तर भाजतं, आणि झबल्यातलं बाळ त्या उष्णतेने दहा मिनिटांत रडायला लागतं. घेताना खोक्यावर वॉर्म किंवा ३००० के छापलेला फ्लड मागा. दोन्हींपैकी काहीही लावा, पण खोलीतली ट्यूब बंद करा. अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा असे फोटो बघून कंटाळा आलाय. स्वस्त एलईडीत पट्टे दिसले तर शटर १/१०० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, आणि दर आवर्तनात उजेड दोनदा चढतो-उतरतो, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

आणि प्रत्येक फोटोला मऊ उजेड हवाच असं नाही. वैशाखातल्या शिवजयंतीला पोरगं जिरेटोप आणि तलवार घेऊन मावळा झालेलं असतं, तेव्हा धोतर बाजूला काढा, दिवा उघडाच एका कुशीने मारा. कडक सावली त्या ऐटीला शोभते. बोरन्हाणाला मात्र धोतर हवंच. काळं झबलं आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने, उघड्या दिव्यात काळं पार बुडतं, पांढरं फुटतं, म्हणजे नुसता पांढरा डाग होतो, आणि हलव्याचा काटा दिसत नाही. धोतर पुढून न लावता बाजूला लावा, म्हणजे उजेड हलव्यावरून तिरपा जाईल आणि काटे एकेक उठून दिसतील. बोरं-चुरमुरे ओतायच्या आधी दागिन्यांचे फोटो उरकून घ्या, कारण त्यानंतर बाळ हलवा तोंडात घालणारच.