तांब्याची तार अडून का बसते?

विजेच्या वायरमधली एकेरी जाड तांब्याची तार सोलून काटकोनात वाकवा आणि मग सरळ करून पाहा. जिथे बोटाने सहज वाकली होती, नेमकी तिथेच ती अडून बसते. वळण तसंच राहतं आणि शेजारी दुसरं पडतं. तांबं तेच, जाडी तीच. मग बदललं काय?

तांबं स्फटिकरूप असतं, म्हणजे त्यातले अणू ठरावीक रचनेत ओळीने बसलेले असतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. स्फटिक म्हटलं की दुकानातली माळ आठवते. तिला ‘निर्दोष’ म्हणत दुप्पट भाव लावतात आणि वर ‘ऊर्जा’ फुकट देतात! धातूच्या स्फटिकात खरं काम दोषच करतात, म्हणजे या रचनेतल्या चुका.

1926 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी हिशेब केला, की अणूंचा अख्खा थर दुसऱ्या थरावरून एकदम सरकवायला किती जोर लागेल. उत्तर आलं ते शुद्ध धातूच्या स्फटिकाला प्रत्यक्षात लागणाऱ्या जोराच्या हजारो पट. 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे कोडं सोडवलं. स्फटिकात अणूंचा एखादा जादा थर घुसतो आणि मध्येच संपतो. तो जिथे संपतो ती रेषा म्हणजे डिसलोकेशन. भली मोठी सतरंजी ओढून हलत नाही, पण सुरकुती पाडून ती पुढे ढकलली की सरकते, तशी ही रेषा सरकते आणि धातू वाकतो. वाकवता वाकवता अशा रेषा बेसुमार वाढतात, एकमेकींत अडकतात आणि तार हट्टाला पेटते. पुण्यातले तांबट हंड्यावर मठारकाम करतात, तेव्हा ठोक्याठोक्याने हाच गुंता वाढून पत्रा कडक होतो. भट्टीत तापवला की गुंता सुटून पुन्हा मऊ पडतो.

धातूत या रेषा दिसायला 1956 उजाडलं. केंब्रिजला हिर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी अॅल्युमिनियमच्या अतिपातळ पापुद्र्यात त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चक्क सरकताना पाहिल्या. दिसल्या त्या काळ्या रेघा, अणू नव्हेत. रेषेभोवतीचे अणूंचे थर किंचित कललेले असतात, तिथले इलेक्ट्रॉन विवर्तनाने, म्हणजे या थरांमुळे वळून, भलत्या दिशेला जातात आणि चित्रात तेवढी जागा काळी पडते.

आजच्या सूक्ष्मदर्शकांत अणूंचे ठिपके दिसतात, आणि मग माझा आवडता खेळ खेळता येतो. एका ठिपक्यापासून दहा घरं उजवीकडे, दहा खाली, दहा डावीकडे, दहा वर मोजत जा. निर्दोष जागी मूळ ठिपक्यावर परत येता. वळशात डिसलोकेशन सापडलं, तर येत नाही. उरलेली फट म्हणजे बर्गर्स सदिश. तांब्यात त्याची लांबी 0.256 नॅनोमीटर असते, आणि बहुधा त्याचेही दोन अपुरे तुकडे होऊन मध्ये रचना चुकलेली पट्टी उरते.

‘अणूचा फोटो’ म्हणून फिरणाऱ्या अशा चित्रांतला प्रत्येक ठिपका म्हणजे बहुतेकदा एकामागे एक उभ्या अणूंची अख्खी रांग असते. शिवाय नमुना इतका पातळ करावा लागतो, की काही डिसलोकेशन पृष्ठभागातून निसटूनही जातात. त्यामुळे तारेतला सगळा गुंता पाहायचा, तर अजूनही थोडा जाड नमुना घेऊन त्या काळ्या रेघाच मोजाव्या लागतात.