गज नाही हातात, मॉड व्हील आहे

पियानोची पट्टी दाबली की त्या स्वराचं काय होणार ते तिथंच ठरतं. पुढे तो नुसता विरत जातो. व्हायोलिनचा स्वर मात्र तारेवर गज फिरतोय तोवर घडत असतो. म्हणूनच संगणकावर कीबोर्डने व्हायोलिन वाजवताना उत्तम सॅम्पल लायब्ररीसुद्धा (खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संच) पियानोच्या सवयीने वाजवली, तर स्वस्तातल्या ऑर्गनसारखी ऐकू येते.

लायब्ररीत एकच स्वर हळू, मध्यम आणि जोरकस असा वेगवेगळा ध्वनिमुद्रित केलेला असतो. बहुतेक लायब्रऱ्यांत मॉड व्हील, म्हणजे कीबोर्डवरचं चाक (मिडी या वाद्यं आणि संगणकाच्या संकेतभाषेतला कंट्रोलर क्रमांक 1), या थरांची सरमिसळ करतो. गजाचा जोर वाढला की आवाज वाढतोच, शिवाय वरचे हार्मोनिक्स (उपस्वर) पुढे येऊन स्वर उजळतो. क्रमांक 11 म्हणजे एक्स्प्रेशन साधारणपणे फक्त पातळी बदलतो. उजळपणा 1 वर घडवावा. अगदी शांततेत विरणारा शेवट 11 वर सोपवावा, कारण सर्वांत हळू थरालाही स्वतःचा आवाज असतोच. चार ठोक्यांचा स्वर असेल तर व्हील 0 ते 127 च्या मापावर 45 पासून चढत तिसऱ्या ठोक्यावर 80, शेवटी 55, असं करून पाहा. माऊसने सरळ रेघ ओढण्यापेक्षा व्हील हातानेच फिरवलेलं बरं. एकल व्हायोलिनला एक खोच आहे: दोन थरांच्या मध्ये व्हील रेंगाळलं, तर एकाऐवजी दोन व्हायोलिनं ऐकू येतात. तिथून झटकन पुढे जावं.

दुसरी चूक दोन्ही हातांनी कॉर्ड दाबण्याची. 16 व्हायोलिनांच्या पॅचवर (एकत्र वाजवून मुद्रित केलेल्या आवाजावर) चार स्वर एकदम दाबले की वाजतात 64 व्हायोलिनं! फुगलेला, गढूळ आवाज येतो तो यामुळेच. प्रत्येक विभागाला स्वतःची एकेक ओळ लिहावी. मिडीच्या स्वर-क्रमांकांत व्हायोलिन 55 च्या, व्हायोला 48 च्या आणि चेलो 36 च्या खाली जात नाही.

लेगाटोत, म्हणजे स्वर न तोडता जोडून वाजवताना, लागोपाठचे स्वर एकमेकांवर किंचित चढलेले हवेत. फट राहिली की मींड न येता नवा गज लागतो. या सांध्याला वेळ लागतो, काही लायब्रऱ्यांत सेकंदाचा पाव भाग, त्यामुळे ओळ तालामागे पडते. स्वर एकेक करून मागे ओढू नयेत. त्या ट्रॅकला ऋण डिले द्यावा, म्हणजे तो अख्खा थोडा आधी वाजतो. स्पिक्काटो (गज उसळवत वाजवलेले तुटक स्वर) खूप लवकर उमटतो, म्हणून त्याचा ट्रॅक वेगळाच ठेवावा.

स्पिक्काटोत एकाच व्हेलॉसिटीचे (पट्टी दाबण्याच्या जोराचे) आठ स्वर ठेवले की मशीनगन सुरू होते. राउंड रॉबिन दर वेळी वेगळं सॅम्पल देतं, पण तालाचं वजन देत नाही. समेवर 100 आणि मधल्या ठोक्यांवर 65 ते 80, तेही थोडं कमीजास्त, असं ठेवलं की हात दिसू लागतो. क्वांटाइझ (स्वर नेमक्या ठोक्यावर सरकवणं) पूर्ण न करता 85 टक्क्यांवर थांबवावं.

रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा) शेवटी, आणि बेतानं: दूरच्या माइकांत मूळ सभागृह आधीच मुरलेलं असतं.