डग्गा कुठे हरवला? इअरफोनच्या रबराचे ध्वनिशास्त्र

इअरफोनच्या खोक्यातून बहुधा लहान, मध्यम आणि मोठ्या मापाच्या रबरी टोप्यांच्या तीन जोड्या येतात. मध्यम जोडी कारखान्यातच चढवलेली असते, आणि उरलेल्या दोन जोड्या पिशवी न फोडताच घरातल्या त्या खणात जाऊन पडतात, जिथे जुन्या किल्ल्या, संपलेले सेल आणि सुतळीचे तुकडे वर्षानुवर्षे नांदत असतात. माझ्याकडेही असेच झाले. पुण्यात वनाझहून रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत नवा इअरफोन लावून मी तबल्याचे एकल वादन ऐकत असे. तबल्याची किनार अगदी खणखणीत ऐकू येई, पण डग्गा मात्र शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखा वाटे. पंधरा दिवस मी निर्मात्याला दोष दिला. एके दिवशी डावा इअरफोन निसटतो आहे असे वाटून बोटाने जरा आत दाबला आणि त्या क्षणी डग्ग्याचा घुमारा सबंधच्या सबंध परत आला. बोट काढताच तो पुन्हा गेला. इअरफोनमध्ये काहीच बिघडलेले नव्हते. मध्यम रबर माझ्या डाव्या कानाला लहान पडत होते, इतकेच.

ज्याला खोक्यावर ‘इअर टिप’ आणि दुकानात नुसते ‘रबर’ म्हणतात, ती वस्तू आपण चपलेच्या पट्ट्यासारखी, म्हणजे फक्त सोयीची मानतो. प्रत्यक्षात ती वाद्याचा शेवटचा भाग असते. इअरफोनमधला पडदा, रबर, कानाच्या नळीत अडकलेली हवा आणि कानाचा पडदा ही सगळी मिळून एकच ध्वनियंत्रणा तयार होते, आणि त्यातले पहिले सोडल्यास बाकी सर्व घटक प्रत्येक माणसागणिक, किंबहुना प्रत्येक कानागणिक बदलतात. म्हणूनच एकाच इअरफोनबद्दल दोन माणसे परस्परविरुद्ध मते देतात आणि दोघेही खरे बोलत असतात.

आधी डग्ग्याचे कोडे सोडवू. प्रौढ माणसाची कर्णनलिका साधारण २५ मिलिमीटर लांब आणि ७ ते ८ मिलिमीटर रुंद असते. रबराने तिचे तोंड बंद केल्यावर आत जेमतेम एक घन सेंटिमीटर हवा उरते. इतक्या लहान बंदिस्त जागेत दाब निर्माण करणे फार सोपे असते. त्या हवेचे आकारमान फक्त एक घन मिलिमीटरने, म्हणजे हजाराव्या हिश्शाने कमी केले, तरी दाब सुमारे १४० पास्कलने वाढतो, आणि ९० डेसिबल इतक्या मोठ्या आवाजासाठी तर ०.६३ पास्कलचा दाबही पुरतो. ढोबळ हिशोब केला तर १० मिलिमीटर व्यासाच्या पडद्याला खालच्या स्वरांत हा आवाज काढण्यासाठी जी हालचाल करावी लागते, ती माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढीही नसते. दिवाणखान्यातल्या स्पीकरला तोच खर्ज खोलीभर पोहोचवण्यासाठी मोठा शंकूसारखा पडदा चांगला डोळ्यांना दिसेल इतका हलवावा लागतो. इअरफोन मात्र बंद हवेच्या जिवावर हे काम करतो.

ही हवा बंद राहिली नाही तर काय होते, हे सायकलच्या पंपाने कळते, आणि एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात त्याचा अनुभव बहुतेक घरांत असेल. पंपाचा वॉशर झिजला असेल आणि दांडा सावकाश खाली दाबला, तर हवा कडेने फुसकन निघून जाते आणि दाब तयारच होत नाही. तोच दांडा झटक्याने मारला, तर निसटायला वेळ न मिळाल्यामुळे निदान काही हवा ट्यूबमध्ये जाते. खर्जाचा स्वर म्हणजे सावकाश मारलेला दांडा. ६० हर्ट्झच्या स्वरात हवेला फटीतून आत-बाहेर करायला भरपूर अवधी मिळतो, तर ३००० हर्ट्झच्या स्वरात फटीतल्या हवेचे स्वतःचे जडत्वच तिला अडवून धरते आणि फट जणू बुजल्यासारखी वागते. त्यामुळे गळती सर्व स्वरांना सारखे कमी करत नाही. ती खालून वर कुरतडत येते, आणि १०० हर्ट्झच्या खाली दहा-वीस डेसिबलची तूट सहज पाडते. तबल्याची किनार शाबूत राहून डग्गा नाहीसा का झाला, याचे उत्तर यात आहे.

येथे तानपुऱ्याचा एक गमतीदार अपवाद सांगण्यासारखा आहे. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला लागते, म्हणजे गळक्या रबरात तिचा मूळ स्वर बराचसा गळून जायला हवा. तरीही ती तार बेसूर किंवा वरच्या सप्तकातली वाटत नाही. जवारीमुळे, म्हणजे घोडीला तार घासून उठणाऱ्या झंकारामुळे, त्या तारेत मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांची इतकी रेलचेल असते, की मेंदू त्यांच्यामधल्या समान अंतरावरून मूळ स्वर कोणता असावा हे ताडतो आणि तो जवळपास नसतानाही ऐकवतो. स्वर टिकतो, पण त्याचे वजन जाते. यामुळेच गायन ऐकणाऱ्याला रबराची गळती अनेक महिने लक्षात येत नाही, आणि तबला ऐकणाऱ्याला ती पहिल्याच आवर्तनात खटकते.

श्रवणयंत्र बसवणारे तज्ज्ञ हीच गळती मुद्दाम वापरतात. कानाच्या मापाच्या साच्यात ते एक-दोन मिलिमीटर व्यासाची वाट ठेवतात, जेणेकरून खालचे स्वर आणि रुग्णाचा स्वतःचा घुमणारा आवाज त्या वाटेने बाहेर पडावा. ज्या माणसाचे खालच्या स्वरांचे ऐकणे चांगले शाबूत आहे, त्याला याचा लाभ होतो. इअरफोनमध्ये ती वाट नकळत उरते आणि आपण दोष यंत्राला देतो.

गळती थांबली तरी रबराचे काम संपत नाही, कारण ते इअरफोनचे तोंड कानात किती खोल जाईल हेही ठरवते. मोकळा कान एका टोकाला बंद असलेल्या नळीसारखा असतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती जशी एका ठरावीक स्वरात घुमते, तशी ही नळी सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि त्या भागातले आवाज ठळक करते. जन्मापासून मेंदूला याची सवय झालेली असते. रबराने तोंड बंद केले की हा अनुनाद मोडतो, म्हणून निर्माते इअरफोनच्या आवाजात तेवढा उठाव स्वतःहून घालतात. पण तोंड बंद केल्यामुळे आता नळी दोन्ही टोकांना बंद झालेली असते आणि तिचा नवा अनुनाद फार वर जातो. उरलेली लांबी २० मिलिमीटर असेल तर तो ८६०० हर्ट्झच्या आसपास येतो, आणि इअरफोन आणखी ५ मिलिमीटर आत गेला तर ११,४०० हर्ट्झच्या आसपास पोहोचतो. गाण्यातला ‘स’ आणि ‘श’ यांचा शिसवटपणा, झांजेची धार आणि घुंगरांची किणकिण याच परिसरात असते. त्यामुळे आखूड रबर लावल्यावर एखाद्या गायिकेचा सकार टोचत असेल आणि लांब रबरात तो शांत होत असेल, तर तो मनाचा खेळ समजू नये. अनुनादाची जागा खरोखरच सरकलेली असते.

रबराच्या मधल्या भोकाबद्दल मात्र बाजारात गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. अरुंद आणि लांब भोकातली हवा जड गोळ्यासारखी वागते आणि अतिशय वरच्या स्वरांना किंचित अडवते. रुंद तोंडाच्या रबरातून ते मोकळे बाहेर येतात. फोमच्या भिंती मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे त्यात टिपेचे आवाज थोडे शोषलेही जातात. हे सर्व खरे आहे, पण हा फरक बहुधा थोड्याच डेसिबलचा असतो आणि तोंडाचा घट्टपणा व खोली यांच्यापुढे दुय्यम ठरतो. अमुक रबराने आवाजाचा ‘रंगमंच’ रुंदावतो, म्हणजे वाद्ये दूरदूर पसरल्यासारखी ऐकू येतात, असे सांगून जेव्हा एका जोडीचे हजारो रुपये मागितले जातात, तेव्हा आधी मोठ्या मापाचे साधे सिलिकॉनचे रबर लावून पाहावे, असे माझे मत आहे.

आता आरामाविषयी. कर्णनलिका सरळ नसते. तिला दोन सौम्य बाक असतात आणि तिचा छेद गोल नसून लंबगोल असतो. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणून लवचीक असतो. आतल्या दोन तृतीयांश भागात मात्र हाडावर अतिशय पातळ त्वचा ताणलेली असते, आणि तिथे जरासाही दाब दुखतो. पुष्कळ जण कान दुखतो म्हणून लहान माप घेतात. ते सैल बसते, म्हणून आणखी आत ढकलतात आणि नेमके त्या नाजूक भागापर्यंत पोहोचवतात. अशा वेळी एक माप मोठे रबर बाहेरच्या लवचीक भागातच टेकते आणि दुखणे थांबते, हे ऐकायला उलटे वाटले तरी अनुभवाला येते. याच नलिकेत व्हेगस या मज्जातंतूची एक शाखा पसरलेली असल्यामुळे काही जणांना रबर आत जाताच खोकल्याची उबळ येते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

सिलिकॉनचे रबर स्प्रिंगप्रमाणे बाहेर ढकलत राहते आणि त्याचा दाब एका कड्याभोवती एकवटतो. फोमचे रबर बोटांत चोळून बारीक करावे लागते, मग ते कानात सावकाश फुगते आणि लंबगोल नळीचा आकार स्वतः घेते, त्यामुळे दाब सर्वदूर वाटला जातो. सावकाश मूळ आकाराला येणारा या जातीचा फोम १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रात विमानातील आसनांसाठी तयार झाला होता. तो लावताना दुसऱ्या हाताने कान वरच्या कडेला धरून वर आणि मागे ओढला, तर नलिकेचा बाक सरळ होतो, आणि इअरफोन अर्धा मिनिट धरून ठेवला तर फोम पुरता फुगतो. इतकी उस्तवार करण्याचा धीर नसेल त्याने फोमच्या वाटेला जाऊ नये. तीन पाकळ्यांचे, एकावर एक छत्र्या ठेवल्यासारखे रबर हा तिसरा प्रकार; १९९१ साली आलेल्या एटिमोटिक रिसर्चच्या ईआर-४ या इअरफोनमुळे तो श्रोत्यांच्या ओळखीचा झाला. तो खोल जातो, बाहेरचा आवाज उत्तम अडवतो, आणि पहिला आठवडाभर तरी कानात काडी घातल्यासारखा वाटतो.

कान बंद केल्यावर स्वतःचे बोलणे रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे घुमते, आणि चालताना पावलांचे ठोके ऐकू येतात. हाडांवाटे आलेली कंपने नलिकेच्या कूर्चेच्या भिंती हलवतात. एरवी तो आवाज उघड्या तोंडाने निघून जातो. रबर त्याला कोंडून ठेवते. रबर खूप खोल, हाडाच्या भागापर्यंत नेले तर हलणाऱ्या कूर्चेचा भाग बाहेर राहतो आणि घुमणे कमी होते, पण दुखणे वाढते. हा सौदा ज्याचा त्याने ठरवावा. जबड्याचा सांधा नलिकेच्या अगदी पुढ्यात असल्यामुळे तोंड हलले की नलिकेची रुंदीही बदलते, म्हणूनच बाकरवडी खाता खाता संगीत ऐकणाऱ्याचा खर्ज प्रत्येक घासाला ये-जा करतो.

घट्ट बसणारे रबर बाहेरचा गोंगाट अडवते, हा त्याचा आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण आहे. सैल रबर लावून कर्वे रस्त्यावरच्या बसमध्ये बसलेला माणूस गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज प्रौढांनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा, पण ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. म्हणजे दहा डेसिबल कमी ठेवू देणारे रबर सुरक्षित वेळ दहापट करते. गोंगाट रद्द करणाऱ्या इअरफोनलाही या रबराची तेवढीच गरज असते, कारण इंजिनाची घरघर पुसण्यासाठी तिच्या नेमक्या उलट कंपनांचा खर्ज तयार करावा लागतो आणि गळक्या कानात तो तयारच होत नाही. दुचाकीवर मात्र यांतले काहीच कानात नसावे.

माप तपासायला उपकरण लागत नाही. डग्ग्याचे किंवा पखवाजाचे वादन लावून इअरफोन बोटाने अलगद आत दाबावा. खर्ज वाढला तर गळती आहे. काही इअरफोन आतल्या मायक्रोफोनने खालचा स्वर मोजून हेच मोबाइलवर सांगतात. तपासणी दोन्ही कानांची वेगवेगळी करावी, कारण दोन्ही नलिका सारख्या असतीलच असे नाही. पावसाळ्यात ओल्या कानात रबर घालून बसल्यास बुरशीला आयतेच घर मिळते, म्हणून कान आधी कोरडे होऊ द्यावेत. सिलिकॉनचे रबर काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येते. फोम मात्र मळ आणि तेल शोषून काही महिन्यांत लवचीकपणा गमावतो आणि तेव्हा तो बदलावाच लागतो.

सुटे रबर घ्यायला पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जाणाऱ्याने आपला इअरफोन, आणि बिनवायरी असेल तर त्याची डबीसुद्धा, बरोबर न्यावी. रबर जिच्यावर चढते त्या इअरफोनच्या नळीची जाडी सर्वत्र सारखी नसते, आणि लांब रबर चढवल्यावर डबीचे झाकण मिटले नाही तर चार्जिंगही होत नाही. माझ्या डाव्या कानात आता मोठे आणि उजव्यात मध्यम रबर असते. डाव्याचे रबर मध्यंतरी मेट्रोच्या फलाटावर हरवले तेव्हा मी दुकानदाराकडे एकच मोठे रबर मागितले. त्याने माझ्या दोन्ही कानांकडे आळीपाळीने पाहिले आणि जोडीच घ्यावी लागेल असे सांगितले.